१९६९ ची कॅमॅरो, दोन टर्बो आणि ७०० हॉर्सपॉवर : एका इंजिनाची आखणी

गाडी १९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो. मुक्काम कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो, जिथे उन्हाळ्यात दुपारी पारा सहज चाळिशी गाठतो. मूळचं ३०७ क्युबिक इंचांचं व्ही-८ इंजिन केव्हाच गेलेलं, बॉनेटखाली रिकामी जागा, मागे जुना दहा बोल्टचा अ‍ॅक्सल आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. मालकाकडे एक यादी तयार आहे : जुन्या धाटणीचं स्मॉल ब्लॉक इंजिन (शेव्हरोलेचं लहान ब्लॉकचं व्ही-८), त्यावर कार्ब्युरेटर, ६७ मिलिमीटर व्हीलचे दोन टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे), चकचकीत पाइप आणि तळाला दोनदा अधोरेखित केलेला आकडा, १००० एचपी. यादीत पेट्रोलच्या टाकीचा उल्लेख नाही. टर्बोत गेलेलं ऑइल चेंबरमध्ये परत कसं येणार, याचा नाही. रिंग गॅपचा, म्हणजे पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीचा, तर नाहीच.

ही यादी उलटी लिहिली आहे. ती टर्बोपासून सुरू होते आणि चाकांपर्यंत पोचतच नाही. आखणी चाकांपासून सुरू करायची, तिथून इंधनाकडे, इंधनाकडून हवेकडे यायचं. टर्बोचं मॉडेल या साखळीत शेवटी आपसूक ठरतं. पुढे याच क्रमाने मालकाची यादी दुरुस्त केली आहे.

गाडी कापण्यालायक आहे का

पहिला प्रश्न पैशांचाही नाही, गाडीच्या कुळाचा आहे. १९६९ ची झेड/२८ असेल, तिच्यात ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीच्या पाच लिटरच्या मर्यादेसाठी बनवलेलं ३०२ इंजिन जागेवर असेल, तर तिला हात लावू नये. अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकच्या झेडएल१ फक्त ६९ बनल्या. त्यातली एखादी आपल्याकडे सापडली, तर हा लेख बाजूला ठेवून विमा काढावा. इथली गाडी साधी, मूळ इंजिन नसलेली, म्हणजे योग्य उमेदवार. कॅलिफोर्नियात १९७५ किंवा त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी लागत नाही, हाही अडथळा नाही.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल करू देत नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, पण तोही चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असेल तरच. तेव्हा हा उद्योग तिकडच्या मराठी गॅरेजवाल्यांचा; इकडे तो बंदिस्त ट्रॅकपुरताच.

आपल्याकडे टर्बो म्हटलं की डिझेल ट्रक आठवतो, आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. डिझेल इंजिन फक्त हवा दाबतं, इंधन ऐनवेळी फवारतं. हवा जास्त झाली तर त्याचं काही बिघडत नाही. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन एकत्र दाबलं जातं. दाब आणि तापमान मर्यादेपलीकडे गेलं की ठिणगीने लावलेली आग पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं. हेच नॉकिंग. जनरल मोटर्सला हे १९६२ मध्येच कळलं होतं. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये त्यांनी १०.२५ कॉम्प्रेशनच्या (मिश्रण सव्वादहा पट आवळणाऱ्या) इंजिनावर टर्बो बसवला आणि नॉकिंग आवरायला पाणी-मेथॅनॉलची वेगळी टाकी दिली. मालक ती भरायला विसरायचे, टाकी कोरडी पडली की गाडी बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) कापायची, आणि लोक म्हणायचे टर्बोत दम नाही.

आकडा आधी, टर्बो नंतर

१००० एचपी पहिल्याच बैठकीत खोडला. कारण सोपं आहे : या गाडीच्या मूळ चाकखोबणीत मागे साधारण २५५ रुंदीचा टायर मावतो. मागचा भाग कापून आत न घेता त्याहून फार मोठा बसत नाही, आणि मालकाला कापायचं नाही. एवढ्या टायरवर ६०० एचपीसुद्धा पहिल्या दोन गिअरमध्ये नुसता धूर काढतात. तेव्हा लक्ष्य ठरलं इंजिनवर ७००. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमध्ये साधारण १५ टक्के जातात, चाकांवर सहाशेच्या जरा खाली उरतात. दीड टनाच्या गाडीला हे भरपूर झालं.

आता हवा. कंप्रेसरचे, म्हणजे टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या भागाचे, नकाशे पौंड प्रति मिनिटात छापलेले असतात, म्हणून तेच एकक घेऊ. मिनिटाला एक पौंड हवेमागे साडेनऊ ते दहा एचपी मिळतात. ७०० साठी सुमारे ७२ पौंड लागतील, म्हणजे प्रत्येक टर्बोला ३६.

इंजिन ५,९६७ सीसीचं (ते का, पुढे येईल). ६,००० आरपीएमला ते मिनिटाला १७,९०० लिटर जागा झाडतं. ९० टक्के भरण धरलं तर १६,१०० लिटर. बाहेर ४० अंश. दाब दुप्पट करताना कंप्रेसरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर त्यातून हवा सुमारे १३५ अंशांना बाहेर पडते. ८० टक्के काम करणारा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) ती ५९ पर्यंत आणतो. त्या तापमानाला वातावरणाच्या दाबाने इंजिन १७ किलोच्या आसपास हवा घेईल. आपल्याला हवी ३२.७ किलो. गुणोत्तर निघतं १.९, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये सुमारे ०.९ बार बूस्ट, १३ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). इंटरकूलर आणि पाइपांत ०.१ बार जातो, फिल्टर थोडं ओढून धरतो. कंप्रेसरला प्रत्यक्षात २.०५ चं प्रेशर रेशो द्यावं लागतं, म्हणजे आत येणारा दाब २.०५ पट करावा लागतो.

या एका परिच्छेदाने मालकाचे टर्बो बाद झाले. नकाशावर दोन बिंदू टाकायचे : ६,००० आरपीएमला ३६ पौंड आणि ३,००० ला १८, दोन्ही २.०५ रेशोवर. मालकाचे ६७ मिलिमीटर म्हणजे व्हीलच्या हवा घेणाऱ्या तोंडाचा व्यास, बाहेरून ते व्हील बरंच मोठं असतं. अशा कंप्रेसरवर दुसरा बिंदू सर्ज रेषेच्या डावीकडे पडतो. म्हणजे कमी आरपीएमला पूर्ण दाब मिळालाच, तर हवा व्हीलवरून उलटी फिरते, बॉनेटखालून कबुतर घुमल्यासारखा आवाज येतो आणि थ्रस्ट बेअरिंग मार खातं. एरवी तेवढ्या टर्बोला ४,००० च्या आत जागच येत नाही. ७१ ते ७६ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या कंप्रेसर व्हीलचा वर्ग पाहिला. गॅरेटच्या नावात शेवटचे दोन अंक हाच व्यास सांगतात. जीटी३०७६ म्हणजे ७६. इथे ७१ चा निवडला, बॉल बेअरिंगचा, टर्बाइन हाउसिंग ०.८२ ए/आर (हाउसिंगच्या वाटेचं माप). ७६ घेतला असता तर वर थोडी जागा राहिली असती, पण तो १८ पौंडाचा बिंदू काठावर येत होता. बूस्ट ३,००० ऐवजी ३,५०० नंतरच पूर्ण द्यायचा असेल, तर ७६ लाही हरकत नाही.

आणि दोन टर्बो का, एक मोठा का नाही? ताकदीसाठी नव्हे. ७०० एचपी एक टर्बोही निवांत देतो. व्ही-८ चा एक्झॉस्ट दोन बाजूंनी निघतो. एकच टर्बो ठेवला तर एका बाजूचा तापलेला पाइप इंजिनाखालून किंवा पुढून दुसरीकडे न्यावा लागतो. दोन ठेवले की तो पाइप वाचतो, पण ऑइलच्या, पाण्याच्या आणि वेस्टगेटच्या (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बोला बगल देऊन सोडणाऱ्या झडपेच्या) सगळ्या जोडण्या दुप्पट होतात. हा निव्वळ जागेचा सौदा आहे.

ट्रकमधलं इंजिन

जुन्या स्मॉल ब्लॉकचा हट्ट मालकाने सोडला. त्याऐवजी जनरल मोटर्सच्या मोठ्या पिकअप आणि व्हॅनमधलं ६.० लिटरचं एलक्यू४ : लोखंडी ब्लॉक, १०१.६ मिलिमीटर बोअर, ९२ मिलिमीटर स्ट्रोक, क्रँक धरून ठेवणाऱ्या प्रत्येक मेन कॅपला चार उभे आणि दोन आडवे बोल्ट, कॉम्प्रेशन ९.४. भंगारात शोधताना गाडीच्या व्हीआयएन (चॅसी) नंबरचं आठवं अक्षर पाहावं. 'यू' असेल तर एलक्यू४, 'एन' असेल तर एलक्यू९, ज्यात पिस्टन सपाट आणि कॉम्प्रेशन दहा. १९९९ आणि २००० च्या एलक्यू४ ला लोखंडी हेड होते आणि क्रँकची मागची फ्लँज लांब होती, गिअरबॉक्स जोडताना त्रास होतो. म्हणून २००१ नंतरचंच घ्यायचं. त्यावर ३१७ क्रमांकाची अ‍ॅल्युमिनियम हेड येतात, ७१ सीसी चेंबरची. टर्बोला हीच हवीत. ५.३ लिटरची ६१ सीसीची हेड चढवून कॉम्प्रेशन वाढवायचा सल्ला मिळतो, तो बिनटर्बोवाल्यांसाठी ठीक.

क्रँक, रॉड, पिस्टन कंपनीचेच ठेवायचे ठरलं. ७०० एचपीला ते पुरतात, पण दोन अटींवर : नॉकिंग होता कामा नये, आणि कमी आरपीएमला एकदम टॉर्क ओतायचा नाही. रॉड वाकतात ते बहुतेक ३,००० च्या खाली, पूर्ण बूस्ट आणि उंच गिअर एकत्र आल्यावर. म्हणून बूस्ट ३,५०० पर्यंत चढत न्यायचा आणि आरपीएमची मर्यादा ६,४०० ठेवायची.

तरीही इंजिन उघडायचंच. कारण एकच, आणि तेच या इंजिनाच्या बहुतेक मरणांचं कारण आहे : रिंग.

कंपनीने रिंगच्या दोन टोकांमधली फट बिनटर्बो इंजिनाच्या उष्णतेसाठी ठरवलेली असते. बूस्टमध्ये वरची रिंग बोअरपेक्षा कितीतरी जास्त तापते, लांब होते, टोकं एकमेकांना भिडतात. लांब व्हायला जागा उरली नाही की रिंग बोअरवर आवळते, आणि पिस्टनचा रिंगच्या वरचा काठ उचलून तुटतो. बाहेरून दिसतं ते असं : एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं, डिपस्टिक वर उडालेली, सायलेन्सरमधून निळा धूर. लोक म्हणतात पिस्टन कमजोर होता. पिस्टन बिचारा ठीक होता.

काम असं करायचं. रिंग हाताने दाबून बोअरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा धरून तिला २५ मिलिमीटर आत ढकलायचं, म्हणजे ती तिरकी राहत नाही. फिलर गेजचं पान फटीत घालायचं. ते सैल सरकलं किंवा जोर लावून घुसवलं तर माप चुकलं. कागदावरून दुसरा कागद ओढताना जेवढी अडखळ जाणवते, तेवढीच हवी. इथे वरच्या रिंगला ०.६६ मिलिमीटर आणि दुसरीला ०.७१ ठरवलं, इंचांत ०.०२६ आणि ०.०२८. नव्या रिंगची फट याच्या बरीच कमी निघते. रिंग फाइलरवर टोक लावून घासताना दिशा नेहमी बाहेरून आत, म्हणजे बाहेरच्या काठाची कोटिंग उकलत नाही. तीन-चार फेरे, मग पुन्हा बोअरमध्ये. शेवटच्या पाच शतांश मिलिमीटरला एकेक फेरा. घाईत ०.८० झाली तर ती रिंग फेकायची नाही, थोडा ब्लो-बाय (रिंगवरून खाली निसटणारा वायू) वाढेल इतकंच. ०.४५ राहिली तर मात्र इंजिन फेकावं लागेल. घासलेल्या टोकाची कड बारीक दगडाने मोडायची, नखावरून ओढून पाहायची. नख खरवडलं तर बोअरही खरवडेल. रिंग ज्या बोअरमध्ये मोजली त्याच बोअरला जाते, म्हणून आठ पाकिटांवर आठ नंबर.

उघडल्यावर बाकीचं चटकन उरकतं. हेडला आणि ब्लॉकला फेस मारून घ्यायचा, बहुपदरी स्टीलची गॅस्केट आणि एआरपी कंपनीचे स्टड. मागवण्याआधी ब्लॉकचं वर्ष बघा : २००४ च्या आधीच्या ब्लॉकला दोन लांबीचे हेड बोल्ट आहेत, नंतरच्याला एकाच. ऑइल पंपाच्या पिकअप नळीवरची ओ-रिंग नवी, तेल लावून, बोटाने दाबून बसवायची. ती चिमटली की पंप हवा ओढतो आणि प्रेशर कधी असतं, कधी नसतं.

व्हॉल्व्ह स्प्रिंगचा हिशेब मात्र लोक करत नाहीत. इनटेक व्हॉल्व्हची थाळी ५०.८ मिलिमीटरची, क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर. ०.९ बार बूस्ट बंद व्हॉल्व्हला मागून साडेअठरा किलोच्या जोराने ढकलतो. वापरून दमलेली कंपनीची स्प्रिंग इथे हार मानते, व्हॉल्व्ह बसकणीवर उसळतो, आणि ५,५०० ला इंजिन अडखळल्यासारखं होतं. ते इग्निशनचं मिसिंग समजून कॉइल बदलत बसू नये. कॅम बदलताना ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) ०.०५० इंच लिफ्टला २२० अंशांच्या आसपास आणि लोब सेपरेशन ११४ ठेवलं, म्हणजे ओव्हरलॅप, दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, कमी राहतो. त्याच वेळी स्प्रिंगही दुहेरी घेतल्या.

इंधन : इथेच खरा खर्च

कॅलिफोर्नियाच्या पंपावर सर्रास ९१ चं प्रीमियम मिळतं, अमेरिकी मोजणीने. आपल्या आरओएन मोजणीत ते ९५-९६ च्या घरात. ९.४ कॉम्प्रेशन, १३ पीएसआय आणि ४० अंशांची दुपार, या तिघांना ते पेलत नाही. टायमिंग इतकं मागे घ्यावं लागतं की एक्झॉस्ट तापतो आणि टर्बाइन हाउसिंग लाल होतं. म्हणून ई८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेलं पेट्रोल. इथेनॉल बाष्प होताना खूप उष्णता शोषतं, जेटफायरच्या त्या वेगळ्या टाकीचं काम इंधनच करून टाकतं. किंमत अशी की ते ३५-४० टक्के जास्त लागतं.

पेट्रोलवर ७०० एचपीला तासाला १९० किलो इंधन लागेल, ई८५ वर २६७. म्हणजे तासाला साधारण ३४० लिटर. आठ इंजेक्टरमध्ये वाटून आणि ८५ टक्के ड्युटीत (इंजेक्टर उघडा राहण्याच्या वेळेत) ठेवून प्रत्येकी मिनिटाला ८४० सीसी निघतात; थंडीतल्या आणि चुकीच्या हिशेबाच्या मार्जिनसह १,००० सीसीचे घेतले. बाजारात '३४० लिटर' म्हणून मिळणारा एक पंप पुरेल असं वाटतं, पण तो आकडा कमी दाबाचा असतो. इथे रेलमध्ये मूळ दाब ३ बार, त्यावर बूस्टचा ०.९, एकूण ३.९. दाब वाढला की पंपाची धार बारीक होते. दोन पंप लागतात, दुसरा बूस्ट ०.३ बारच्या वर गेल्यावर चालू.

आणि टाकी. १९६९ ची टाकी कार्ब्युरेटरसाठी बनलेली. आत अडसर-पडदे नाहीत. पाव टाकी असताना गाडी झेपावली की इंधन मागच्या भिंतीवर चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, दोन सेकंद हवा जाते. कार्ब्युरेटरच्या वाटीत ते खपून जायचं. इथे त्या दोन सेकंदांत पिस्टनला भोक पडतं. म्हणून इंजेक्शनसाठीची पडदेवाली टाकी, आत दोन्ही पंप, पुढे जाणारी आठ नंबर एएन लाइन (एएन म्हणजे होजच्या मापाची अमेरिकी पद्धत), परतीची सहा, सगळे होज पीटीएफई म्हणजे टेफ्लॉन अस्तराचे. साधं रबर ई८५ मध्ये झरतं आणि पाहता पाहता वास मारू लागतं. प्रत्येक पंपाला स्वतंत्र रिले आणि अल्टरनेटरपासून जाड वायर. जुन्या वायरिंगवर पंपाला साडेअकरा व्होल्ट पोचतात, मग कागदावरचा पंप आणि गाडीतला पंप वेगळे निघतात. अल्टरनेटर १४० अँपियरच्या खाली नको. दोन पंखे आणि दोन पंपच अर्ध्याहून अधिक खातात.

नावात ८५ असलं तरी अमेरिकेत त्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं. तेव्हा परतीच्या लाइनवर फ्लेक्स-फ्युएल सेन्सर हवाच. तो ५० ते १५० हर्ट्झचा सिग्नल देतो, शून्य ते शंभर टक्के. कंट्रोल युनिट त्यावरून इंधन, टायमिंग आणि बूस्ट तिन्ही बदलतं. पंपावर ई८५ नाही मिळालं तर ९१ भरून ७ पीएसआयवर घरी येता आलं पाहिजे.

जागा आणि उतार

इंजिन, गिअरबॉक्स आणि रिकामी टर्बो हाउसिंग जागेवर टांगेपर्यंत एकही पाइप वेल्ड करू नये. ट्रकचं ऑइल चेंबर खोल असतं, कॅमॅरोच्या पुढच्या सबफ्रेमला अडतं. उथळ चेंबर आधी बसवायचं, कारण इंजिनाची उंची त्यावर ठरते आणि बाकी सगळं इंजिनाच्या उंचीवर. टर्बो रेडिएटरच्या दोन बाजूंना, पुढे, फ्रेमच्या शिंगांच्या वर. ट्रकचे ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड डावे-उजवे बदलून तोंड पुढे करून लावले की स्वस्तात मजबूत काम होतं. उजवीकडे हे सुरळीत जमतं. डावीकडे स्टिअरिंग बॉक्स आणि त्याचा शाफ्ट, वर ब्रेकचा मास्टर सिलिंडर. ७६ मिलिमीटरचा डाउनपाइप या दोघांच्या मधून न्यायचा आहे. इथे पाव इंचही ताणून मिळत नाही. रबरी माउंटवर इंजिन डोलतं, म्हणून गरम पाइप आणि कोणत्याही वस्तूत २५ मिलिमीटर अंतर, शिवाय पत्र्याचं कवच. टर्बोचं वजन पेलणारी पट्टी इंजिनाला बांधायची, बॉडीला कधीच नाही. बॉडीला बांधली की मॅनिफोल्ड चिरतो.

ऑइल जाताना दाबाने जातं, परत येताना फक्त उताराने. बॉल बेअरिंग टर्बोला चार नंबरची बारीक लाइन आणि तोंडाशी १ मिलिमीटरचा अडथळा पुरतो. परतीची नळी मात्र दहा नंबरची, बाक नसलेली, आणि चेंबरला ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. पातळीखाली जोडली की ऑइल टर्बोतच तुंबतं आणि सीलवरून एक्झॉस्टमध्ये जातं. निळा धूर येतो, माणूस टर्बो बदलतो, नवाही धूर काढतो. या गाडीत डाव्या टर्बोचं ऑइल-तोंड चेंबरच्या जोडणीपेक्षा जेमतेम ६० मिलिमीटर उंच बसत होतं. स्कॅव्हेंज पंप (ऑइल ओढून चेंबरला परत पाठवणारा) लावायचा की टर्बो वर घ्यायचा, असा पेच होता. टर्बो ४० मिलिमीटर वर घेतला आणि एअर फिल्टर खाली वळवला. कारण पंप बंद पडतो, उतार बंद पडत नाही.

हेडच्या कोपऱ्यांतल्या स्टीम लाइन, वाफ बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या, विसरू नयेत. त्या बुजवल्या तर वाफ मागच्या सिलिंडरांवर साचते आणि मीटरवर पाणी थंड दिसत असताना हेड भाजतं. ब्रेक बूस्टर आणि पीसीव्हीच्या (इंजिनातले निसटलेले वायू परत इनटेककडे नेणाऱ्या) होजमध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह. नाहीतर बूस्ट थेट त्यांच्यात शिरतो आणि पुढच्या ब्रेकला पॅडल कडक लागतं.

वेस्टगेट दोन, ४४ मिलिमीटरचे, आत ०.५ बारची स्प्रिंग. स्प्रिंग लक्ष्याच्या जवळची निवडायचा मोह टाळायचा. स्प्रिंगच्या वरचा बूस्ट सांभाळणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या झडपेची) वायर तुटली की बूस्ट स्प्रिंगवर येतो, आणि त्या आकड्यावर इंजिन ९१ वर सुरक्षित असलं पाहिजे. दोन्ही गेटना सिग्नल एकाच ठिकाणाहून, एकाच सोलेनॉइडमधून. वेगवेगळा दिला तर एक टर्बो दुसऱ्याला ढकलत बसतो. गेटचा फाटा मुख्य प्रवाहाच्या दिशेने तिरका काढावा. काटकोनात काढला तर वायू वळत नाही, गेट उघडा असूनही बूस्ट आरपीएमबरोबर वर सरकतो. त्यावर उपाय पुन्हा वेल्डिंगचा. स्प्रिंग बदलून काही होत नाही.

मागचं थोडक्यात

गिअरबॉक्स ४एल८०ई, २,८०० स्टॉलचा लॉक-अप कन्व्हर्टर. टनेल हातोड्याने थोडा बाहेर घ्यावा लागतो. दहा बोल्टच्या जागी बारा बोल्टचा किंवा फोर्ड नऊ इंची अ‍ॅक्सल. मागे एकपाती पाटे असतील तर अनेक पात्यांचे. या गाडीची पुढची सबफ्रेम रबरी बुशांवर बोल्टने बसते आणि मागे सगळा भार पत्र्यावर, म्हणून दोघांना जोडणारे सबफ्रेम कनेक्टर; नाहीतर काही महिन्यांत दाराच्या फटी बदललेल्या दिसतात. चारही चाकांना डिस्क. हे सगळं इंजिन पहिल्यांदा सुरू होण्याआधी.

पहिला आठवडा

प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत फक्त स्टार्टर. टर्बोच्या ऑइल-तोंडात आधी थोडं ऑइल सोडलेलं असावं. या इंजिनात रोलर टॅपेट आहेत, त्यामुळे जुन्या इंजिनासारखं वीस मिनिटं २,००० वर धरून ठेवायची गरज नाही. सुरू झाल्यावर पहिलं काम टायमिंग लाइटचं : कंट्रोल युनिट म्हणतं १५ अंश, पुलीवर १५ दिसतात का? दोन अंशांचा फरक बिनटर्बोला कळतही नाही, इथे तो रिंग आणि काठ घेऊन जातो. प्लग एक श्रेणी थंड, एनजीके टीआर६, फट ०.६ मिलिमीटर, जास्त ठेवली तर बूस्टमध्ये ठिणगी विझते.

डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) पहिला दिवस सोलेनॉइडशिवाय, निव्वळ स्प्रिंगवर. या दाबाला इंजिनच्या हिशेबाने ५५० एचपीच्या आसपास यायला हवेत; चाकांवर मोजलं तर त्यातून १५ टक्के वजा. लॅम्बडा (मिश्रणाचं माप, १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त) ०.८०, ई८५ वर टायमिंग १४ पासून सुरू. प्रत्येक पुलनंतर (पूर्ण थ्रॉटलच्या धावेनंतर) एकच रेषा आधी पाहायची : रेलचा दाब वजा मॅनिफोल्डचा दाब. ती ३ बारवर सपाट असली पाहिजे. ५,००० नंतर ०.२ ने जरी वाकली तरी थांबायचं आणि वायर, फिल्टर, पंप या क्रमाने शोधायचं. मिश्रण अजून ठीक दिसतंय म्हणून पुढे जायचं नाही. मग ०.१ बारच्या पायऱ्यांनी ०.९ पर्यंत, दर पायरीला प्लग काढून. पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके म्हणजे नॉकिंग सुरू झालंय. रस्त्यावर पहिल्या गिअरला ०.४ बार, दुसऱ्याला ०.६, तिसऱ्यापासून पूर्ण.

शंभर मैलांनी ऑइल काढायचं आणि फिल्टर कापायचा. आतला कागद उलगडून उन्हात धरायचा. नव्या इंजिनात पहिल्यांदा थोडी करडी पावडर असतेच. होनिंगचं आणि रिंगचं लोखंड, लोहचुंबक फिरवला की गोळा होतं. तांबूस कण दिसले तर बेअरिंगची चौकशी. चकचकीत पांढरट चकत्या असतील आणि लोहचुंबक त्यांना उचलत नसेल, तर ते अ‍ॅल्युमिनियम आहे, पिस्टनचं. मग पुढचा पुल नाही, हेड खाली.